पैसे जमा झाले. पण आपले कधी झाले?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून मी ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात पुतणी आली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात छापून आणलेला एक कागद. बसायच्या आधीच तिने विचारले, "काका, तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारते. माझ्या खात्यात जमा झालेले पैसे मला न विचारता कोणी परत नेऊ शकते का?"

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या ओठांवर या प्रश्नाचे उत्तर तयार असते. पण कागद वाचला आणि ते उत्तर तसेच ओठांवर राहिले.

पुतणी गोधड्यांचा व्यापार करते. कापड इचलकरंजीचे, शिवण जयसिंगपूरजवळच्या एका गावातील अकरा बायकांचे. माल इंटरनेटवरून विकला जातो आणि त्यातील निम्म्याहून अधिक परदेशी जातो. ९ ऑक्टोबरला अमेरिकेतील एका बाईंनी सहा मोठ्या गोधड्या मागवल्या आणि क्रेडिट कार्डाने सुमारे छप्पन हजार रुपये भरले. पार्सल रवाना झाले त्याच आठवड्यात बायकांची मजुरी चुकती झाली. ४ नोव्हेंबरला माल पोचला. व्यवहार संपला, असे आपल्यापैकी कोणीही म्हटले असते.

आणि ३ फेब्रुवारीला, म्हणजे पैसे भरल्यापासून ११७ व्या दिवशी, पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे पत्र आले. कार्डधारकाने 'हा व्यवहार माझा नाही' अशी तक्रार आपल्या बँकेकडे केली आहे. सबब ती रक्कम आणि तक्रारीचे शुल्क तुमच्या पुढील जमेतून वळते करून घेतले आहे. तुमचे म्हणणे असल्यास सात दिवसांत पुराव्यासह कळवावे.

यालाच चार्जबॅक म्हणतात. आपल्या समाजातील कितीतरी घरांतून आज सुना आणि मुले अशी लहानशी ऑनलाइन दुकाने चालवीत आहेत. कोणी लोणची-पापड, कोणी साड्या, कोणी तांब्याची भांडी, कोणी चांदीचे दागिने विकते. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की खात्यात पैसे जमा होण्याचा दिवस आणि ते पैसे खऱ्या अर्थाने आपले होण्याचा दिवस यांच्यामध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. म्हणून हे लिहिण्याचे योजले.

प्रथम एक कबुली देतो. नोकरीतील काही वर्षे माझ्याकडे कार्ड विभागाचे काम होते. ग्राहक तक्रारीचा अर्ज आणत. 'वस्तू मिळाली नाही', 'वेगळीच वस्तू आली', 'हा व्यवहार मी केलेला नाही' अशी कारणे असत. आम्ही सही जुळवून, शिक्का मारून तो अर्ज पुढे पाठवीत असू. पैसे परत मिळाले की ग्राहक पेढे घेऊन येत. आम्हालाही समाधान वाटे. त्या अर्जाचे दुसरे टोक कोणाच्या गल्ल्यावर जाऊन पडते, हा विचार माझ्या मनात त्या सर्व वर्षांत एकदाही आला नाही. तो पुतणीने आणलेल्या कागदाने आणला.

तक्रारीचा हक्क मुळात ग्राहकाला का दिला, हे आधी समजून घ्यावे. अमेरिकेत १९७४ साली कार्डधारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. बिलात चूक असेल तर ते बिल पाठविल्यापासून ६० दिवसांत ग्राहकाने लेखी कळवावे आणि बँकेने चौकशी करावी, असे त्याने ठरविले. त्याच वर्षी ब्रिटनच्या ग्राहक-पतपुरवठा कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल, तर विक्रेत्याच्या कसुरीला कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली गेली. हे योग्यच झाले. ज्याला आपण पाहिले नाही, ज्याचे दुकान कोठे आहे हे माहीत नाही, त्याला आधी पैसे मोजण्याचे धाडस सामान्य माणसाने कोणत्या भरवशावर करावे? या संरक्षणाशिवाय अमेरिकेतील त्या बाईंनी महाराष्ट्रातील एका अनोळखी मुलीकडून गोधड्या मागविल्याच नसत्या.

पण मुदत वाढत गेली, ती कायद्याने नव्हे तर कंपन्यांच्या आपापल्या नियमांनी. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार बहुतेक कारणांसाठी साधारण १२० दिवसांची मुदत आहे. माल किंवा सेवा मिळालीच नाही अशी तक्रार असेल, तर हे दिवस माल मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजले जातात. मात्र मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पलीकडे जाता येत नाही. पेपाल या कंपनीने अमेरिकेत २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये खरेदीदाराची मुदत ४५ दिवसांवरून एकदम १८० दिवसांवर नेली. (भारतात तिने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून येणारे पैसे मात्र आजही अनेक लहान निर्यातदार तिच्यामार्फतच घेतात.) ॲमेझॉनच्या हमी योजनेत पोचण्याच्या अंदाजित अखेरच्या तारखेपासून ९० दिवस, हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सीवर अंदाजित पोच-तारखेपासून १०० दिवस आणि ईबेवर ३० दिवस अशी मुदत आहे. काम एकच, पण प्रत्येकाचे पंचांग निराळे.

मुदत वाढविण्यात कंपनीचे काय जाते? फारसे काही नाही. ग्राहकाचा विश्वास वाढतो, तो त्याच कंपनीमार्फत पैसे भरतो आणि तिची उलाढाल वाढते. त्या विश्वासाचा खर्च मात्र विक्रेत्याच्या खात्यावर पडतो. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. ज्या पक्षाला पर्याय कमी, त्याच्याकडे जोखीम सरकते, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे.

आपल्या पूर्वजांनी हुंडीचा व्यवहार केला. हुंडी दर्शनी असो वा मुदती, एकदा सिकारून रक्कम चुकती झाली की तिचा 'खोखा' होई. पेढीवरच्या तारेला तो अडकवून ठेवीत आणि विषय मिटे. अपवाद होता तो जोखमी हुंडीचा. माल सुखरूप पोचला तरच ती देय होई. वाटेत माल बुडाला तर हुंडी धरणाऱ्याचे पैसे गेले. परंतु ती जोखीम कोणाची, हे आधी ठरलेले असे आणि तिचा मोबदला हुंडीच्या भावातच धरलेला असे. आजची प्रत्येक ऑनलाइन विक्री एका अर्थाने जोखमी हुंडीच आहे. माल पोचल्यावरही ती कित्येक महिने जोखमीच राहते आणि त्या जोखमीचा भाव विक्रेता कोठेच लिहीत नाही.

आपला मालविक्रीचा १९३० चा कायदाही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळालीच पाहिजे, असे तो सांगतो. आणि वाजवी काळ लोटूनही माल नाकारल्याचे न कळविता तो जवळ ठेवला, तर माल स्वीकारला असे मानावे, असेही सांगतो. 'वाजवी काळ' हे शब्द किती समंजस आहेत पाहा. फळांच्या पेटीचा वाजवी काळ एक, गोधडीचा दुसरा, यंत्राचा तिसरा. कंपन्यांच्या नियमांत कालगणना कारणानुसार बदलते, पण घरपोच मिळालेल्या गोधडीला आणि वर्षभर आधी काढलेल्या सहलीच्या तिकिटाला गज जवळजवळ एकच.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे.

समजा, एखाद्या दुकानाची परदेशी विक्री दरमहा दीड लाख रुपयांची आहे. तक्रारीची मुदत १२० दिवस धरली तर कोणत्याही दिवशी सुमारे सहा लाख रुपयांची विक्री 'उघडी' असते. म्हणजे पैसे आले आहेत, खर्चही झाले आहेत, पण परत मागितले जाण्याची शक्यता संपलेली नाही. १८० दिवस धरले तर हा आकडा नऊ लाखांवर जातो. दुकानाचे स्वतःचे भांडवल असेल अडीच-तीन लाखांचे. या सहा-नऊ लाखांवर सगळ्या तक्रारी एकदम येणार नाहीत, हे उघड आहे; पुतणीच्या वहीत दोन वर्षांत अशा तीनच नोंदी आहेत. पण बँकेच्या भाषेत हे संभाव्य दायित्व आहे. बँक एखाद्याची बिले वटविते तेव्हा ती परत फिरण्याची शक्यता गृहीत धरूनच ताळेबंद मांडते. घरगुती दुकानाच्या ताळेबंदात ही ओळच नसते.

दुसरा आकडा नफ्याचा. हजार रुपयांच्या विक्रीत नऊशे रुपये खर्च आणि शंभर रुपये नफा असेल, तर एक विक्री बुडाली की गेलेले नऊशे रुपये भरून काढायला आणखी नऊ विक्री फुकट कराव्या लागतात. शुल्क लागले तर दहावीही. मोठ्या कंपनीला ही टक्केवारीची बाब असते. महिन्याला तीस-चाळीस पार्सले पाठविणाऱ्या मुलीच्या बाबतीत दोन तक्रारी एका महिन्यात आल्या की तो महिनाच जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे देण्याचे घड्याळ. पुतणीचा इचलकरंजीचा कापडवाला लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाला तर बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकर कायद्यातील कलम ४३-बी (एच) लागू झाले आणि मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळेनाशी झाली. कापडवाल्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. आपल्यापैकी अनेक जण त्या बाजूलाही उभे आहेत. पण मधल्या विक्रेत्याची अवस्था पाहा. शिवणाऱ्या बाईला मजुरी त्याच आठवड्यात, कापडवाल्याला ४५ दिवसांत, आणि ग्राहकाकडून आलेला पैसा १२० किंवा १८० दिवस अर्धवट आपला. ज्या बँकेत ९० दिवसांहून जुनी येणी उचल ठरविताना सहसा धरली जात नाहीत, त्याच बँकेत आलेला पैसा ११७ व्या दिवशी परत जातो.

आणि तरीही, पैशांपेक्षा वेळाचीच हानी मोठी, असे मला पुतणीचा कागद हाताळताना जाणवले. पत्राने पुरावा मागितला होता. कुरिअरच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर 'माहिती उपलब्ध नाही'. पार्सल बांधतानाचे फोटो तिने जानेवारीत मोबाइलची जागा भरली म्हणून पुसून टाकले होते. बाईंशी झालेला संवाद तीन ठिकाणी विखुरलेला, काही ईमेलवर, काही दुकानाच्या संदेशपेटीत, काही व्हॉट्सॲपवर. कुरिअरच्या स्थानिक कार्यालयातील मुलगा बदललेला. चार महिन्यांपूर्वीची एक साधी, सरळ, प्रामाणिक गोष्ट सिद्ध करायला आम्ही तिघे, मी, ती आणि तिचा नवरा, रात्री अकरापर्यंत बसत होतो. ग्राहकाला विचार करायला चार महिने आणि विक्रेत्याला उत्तर द्यायला सात दिवस! मोठ्या विक्रेत्याकडे हे सारे यंत्र आपोआप जपून ठेवते. लहान विक्रेत्याचे दप्तर म्हणजे त्याचा मोबाइल आणि त्याची स्मरणशक्ती. मुदत जितकी लांब, तितके हे दोन्ही कमी पडतात.

चौथ्या दिवशी मी तिला विचारले, "तू त्या बाईंनाच का नाही लिहीत?" ती म्हणाली, "काका, ज्यांनी तक्रार केली त्यांनाच काय लिहायचे?" तिला वाटत होते की बाई फसविणाऱ्या आहेत. माझाही संशय तोच होता. तरी तिने चार ओळी लिहिल्या आणि गोधड्यांचे जुने छायाचित्र जोडले.

दोन दिवसांनी उत्तर आले. बाई खजील झाल्या होत्या. कर भरण्याचे कागद जुळविताना त्यांना वर्षभराच्या कार्डाच्या हिशेबात एक अनोळखी नाव दिसले. हे नाव आपल्या ओळखीचे नाही म्हणून त्यांनी बँकेला कळविले. ते नाव होते माझ्या थोरल्या भावाच्या जुन्या कापडदुकानाचे. पुतणीने मध्यस्थ कंपनीकडे खाते उघडताना वडिलांच्या पेढीचे नाव दिले होते आणि ग्राहकाच्या बिलावर तेच छापून येत होते. गोधडीच्या दुकानाचे नाव वेगळे, बिलावरचे नाव वेगळे. पहिल्या आठवड्यात हे बिल पाहिले असते तर बाईंना खरेदी आठवली असती. चार महिन्यांनी कोणाला आठवणार? त्यांनी नातवाच्या पलंगावर अंथरलेल्या गोधडीचा फोटो पाठविला आणि आपल्या बँकेलाही पत्र लिहिले.

म्हणजे दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. भांडण लावले ते एका नावाने आणि मधल्या काळाने.

तरीसुद्धा पैसे परत यायला एप्रिलचा मध्य उजाडला. एकदा फिरलेले चक्र आपल्या गतीनेच थांबते. तक्रारीचे शुल्क आलेच नाही. मधल्या काळात कापडवाल्याच्या बिलाची मुदत भरली, तेव्हा मी माझ्या बचतीतून तिला चाळीस हजार रुपये दिले. घरात निवृत्त काका नसते तर ते कोठून आले असते, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. पण ती बहुधा अकरा बायकांपैकी काहींना म्हणाली असती की या महिन्यात थांबा.

भारतातील विक्रीत चित्र थोडे वेगळे आहे. येथील बाजारपेठांत माल परत करण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. तेथील दुखणे मुदतीचे नसून परत येणाऱ्या डब्यात काय निघते याचे आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय. ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यासाठी मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी दिला आहे आणि तेथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन घातले आहे. हा मार्ग मला अधिक पसंत आहे. अवधी लांब असला तरी चालेल, पण त्यात पैसे आधी काढून घेऊन मग कारण विचारले जात नाही. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर ग्राहकावरच शिस्त घातली आहे. फसवणूक त्रयस्थाकडून झाली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर ग्राहकाचे दायित्व शून्य, चार ते सात दिवसांत मर्यादित, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. लवकर सांगणाऱ्याला अधिक संरक्षण, हे सूत्र विक्रेत्यालाही उपकारक आहे.

मला विचाराल तर, घरपोच झालेल्या वस्तूसाठी पोचल्यापासून ४५ ते ६० दिवस पुरेसे आहेत. प्रवासाची तिकिटे, आगाऊ नोंदणी अशा सेवांसाठी लांब मुदत हवीच. विक्रेत्याला उत्तरासाठी किमान ३० दिवस मिळावेत आणि पोच झाल्याचा पुरावा मध्यस्थ कंपनीनेच पहिल्या दिवशी नोंदवून ठेवावा. पण माझ्या म्हणण्याने नियम बदलणार नाहीत. तोवर घरातील दप्तर तरी नीट असावे.

पुतणीने आता बिलावर छापून येणारे नाव बदलून दुकानाचेच नाव घातले आहे. हे काम दहा मिनिटांचे होते. पार्सल बांधताना वजनकाट्यासह छोटे चित्रण होते आणि ते मोबाइलवर न ठेवता मागणीच्या क्रमांकाने संगणकात जाते. पोच झाली त्याच दिवशी कुरिअरच्या पानाची प्रत काढून ठेवली जाते. आठ दिवसांनी ग्राहकाला एक पत्र जाते, 'गोधडी पोचली का, धुताना काय काळजी घ्यावी'. आलेले उत्तरही त्याच नस्तीत लागते. प्रत्येक परदेशी विक्रीतील पाच टक्के वेगळ्या खात्यात टाकले जातात. पाच टक्के हा आकडा माझा. दुसऱ्या धंद्यात तो कमी-जास्त असेल, त्यावर ज्याने त्याने विचार करावा. भावही तिने थोडा वाढविला. ग्राहक कमी झाले नाहीत.

याशिवाय तिने मला विचारून रोजमेळीच्या वहीत एक नवा रकाना आखला आहे. प्रत्येक मागणीसमोर पैसे जमा झाल्याची तारीख आणि त्यापुढे मुदत सुटण्याची तारीख. ती तारीख उलटली की ओळीवर तांबड्या शाईने रेघ ओढायची. परवा मी वही चाळली. नाताळच्या मागण्यांतील शेवटची ओळ २४ एप्रिलला सुटते. त्यानंतर इचलकरंजीला जाऊन पावसाळ्यासाठीचे कापड भरायचे, असे तिने समासात लिहून ठेवले आहे.